थोडं सावकाश, पण डचमध्येच

डच शिकायला घेतलं की सुरुवातीलाच एक वाक्य पाठ करायला मिळतं: 'कुंत ऊ वत लांगझामर प्रातन, आल्स्त्यूब्लीफ्त?' म्हणजे, जरा सावकाश बोलाल का? पाठ्यपुस्तकात त्याची जागा कोपऱ्यातल्या चौकटीत असते. स्टेशन कुठे आहे, किती झाले, मला कळलं नाही, अशा गरजेच्या वाक्यांच्या रांगेत. विद्यार्थी ते घोकतात, वापरतात आणि भाषा हाताशी आली की विसरून जातात. एखाद्या भाषेची नजाकत बघायची तर लोक तिच्या कवितेकडे जातात. चौकटीतल्या ह्या वाक्याकडे त्या नजरेनं कोणी बघत नाही. पण डच माणसं एकमेकांकडून काही मागताना जी काळजी घेतात ती जवळजवळ सगळी ह्या सहा शब्दांत आहे, आणि गंमत म्हणजे 'कृपया' ह्या अर्थाच्या शब्दात ती सर्वांत कमी आहे.

आधी उच्चार बघू. वर मी मुद्दाम 'कुंट' न लिहिता 'कुंत' लिहिलं आहे. इंग्रजीत ट, प, क शब्दाच्या आरंभी आले की त्यांच्याबरोबर हवेचा झोत निघतो. डचमध्ये तो निघत नाही. आपले त, प, क असेच कोरडे, त्यामुळे मराठी माणसाला हे आयतं मिळालेलं असतं. 'वत'मधला व तर आपलाच, वरचे दात खालच्या ओठाशी हलकेच नेऊन सोडलेला. 'लांगझामर'मध्ये 'झ' लिहावा लागतो, पण कानाला तो 'जरा'मधल्या 'ज'चा सख्खा शेजारी वाटतो. 'प्रातन'चा शेवट प्रांताप्रांताप्रमाणे बदलतो: ॲमस्टरडॅम, हेगच्या बाजूला शेवटचा न गळतो आणि 'प्रातं'सारखं काही ऐकू येतं, तर ईशान्येला ख्रोनिंगनकडे न टिकतो आणि त्याच्या आधीचा स्वर गळून 'प्रात्न' होतं. आपली जीभ सर्वांत जास्त अडते ती 'ऊ'पाशी. हा ऊ आपल्याकडे नाही. जीभ 'ई' म्हणायला पुढे आणायची आणि ओठ 'ऊ' म्हणायला गोल करायचे, तेव्हा तो निघतो. आणि वाक्यातलं आदरार्थी 'तुम्ही' नेमकं ह्या एका स्वराचं बनलेलं आहे! समोरच्याला 'तुम्ही' म्हणायला चेहऱ्याला थोडे कष्ट पडतात. नवशिक्याचा ऊ चुकला तरी ते कष्ट समोरच्याला दिसतात, आणि मला वाटतं, विनंतीचं अर्धं काम तिथेच होऊन जातं.

मग रचना. क्रियापदं दोन आहेत. 'कुंत', म्हणजे शकाल का, अगदी दारात. 'प्रातन', म्हणजे बोलणं, अगदी मागे. ह्या ठेवणीला डच व्याकरणात सांडशीचंच नाव आहे: दोन क्रियापदं हे तिचे दोन पाय आणि मधे धरायचं ते सगळं सामान. पहिल्या शब्दावरून ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपल्याला काहीतरी जमेल का असं विचारताहेत. काय जमायला हवं ते शेवटच्या शब्दापर्यंत गुलदस्त्यात. मधल्या वाटेवर काय, कोणत्या क्रमानं येतं ते बघण्यासारखं आहे: आधी 'तुम्ही', मग 'थोडं', मग 'सावकाश', मग 'बोलणं'. माणूस आधी, मग मागणीचा आकार, आणि मागणी सर्वांत शेवटी. इंग्रजीच्या सवयीच्या लोकांना शेवटचं क्रियापद तोंडात धरून ठेवणं जड जातं. मराठी माणूस मात्र क्रियापद शेवटी ठेवूनच लहानाचा मोठा झालेला असतो. 'जरा हळू बोलाल का' ह्याची चालही हीच, त्यामुळे डच वाक्याची ही संथ, अदबशीर उतरण आपल्याला शिकावी लागत नाही, ओळखीची वाटते.

ह्या वाक्याचा जीव 'वत'मध्ये आहे. 'वत' म्हणजे थोडंसं. हा एवढासा शब्द काढून टाका आणि विशेषणही साधं करा: 'कुंत ऊ लांगझाम प्रातन?' म्हणजे 'हळू बोलाल का?' व्याकरण निर्दोष आहे, पण चित्र बदललं. आता समोरचा प्रत्येक शब्द सुटा करून, आवाज चढवून, ऐकू न येणाऱ्याशी बोलावं तसा बोलायला लागतो, कारण तुम्ही त्याच्याकडे एक वेगळीच चाल मागितलीत, त्याची स्वतःची नसलेली. 'वत लांगझामर' तसं करत नाही. 'लांगझामर' हे तुलनेचं रूप आहे, आणि तुलना कशाशी, तर तुम्ही आत्ता बोलत होतात त्याच्याशी. म्हणजे मोजायला सुरुवात समोरच्याच्या गतीपासून झाली. ती चूक ठरली नाही, ती मूळ धरली गेली. त्या मुळापासून किती खाली यायचं? 'वत', थोडंसं. तुमचं बोलणं तुमचंच राहू द्या, फक्त किंचित सैल करा.

हा 'वत' नुसता विनय म्हणून घातलेला नाही, तो हिशेबानंही बरोबर आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नेदरलँड्स आणि बेल्जियम ह्या दोन्ही देशांतल्या मिळून 160 डच शिक्षकांच्या बोलण्याचा वेग मोजला होता. नेदरलँड्समधल्यांची गती सेकंदाला साधारण पाच अक्षरं निघाली, बेल्जियममधल्यांची सव्वाचारच्या आसपास. भाषा एक, पेशा एक, आणि तरी सीमेच्या एका बाजूला दर सेकंदाला पाऊण अक्षराची उसंत. शिकणाऱ्याला अनेकदा एवढीच उसंत हवी असते: मागचा शब्द ओळखेपर्यंत पुढचा अंगावर येऊ नये, इतकीच. म्हणजे 'वत' म्हणून आपण उत्रेख्तच्या माणसाला जे मागतो ते फार तर एवढंच, की गेंटच्या माणसासारखं बोला. तिथले लोक त्याच भाषेत भांडतात, हिशेब करतात, लग्नं ठरवतात, आणि ते कोणाला संथ वाटत नाही. इतकी अचूक मापाची मागणी, आणि तीही एवढ्याशा शब्दात!

'वत'च्या जागी 'ईत्स'ही चालतं. माझ्या कानाला 'ईत्स' अजून बारीक वाटतं, सोनाराच्या तराजूवरचं. कोणी 'लांगझामर'च्या जागी 'रुस्तखर' म्हणतात, म्हणजे अधिक निवांत. हा पर्याय सुंदर आहे, कारण तो वेगाबद्दल न बोलता मनःस्थितीबद्दल बोलतो. पण तो जपून वापरायचा. आधीच तावातावानं बोलणाऱ्याला 'ईत्स रुस्तखर' म्हटलं तर त्याला 'शांत व्हा जरा' असं ऐकू येईल, आणि मग व्हायचं ते होईल.

आता एक पायरी वर: 'कुंत ऊ एवन वत लांगझामर प्रातन?' इथे सांडशीत एक 'एवन' आला. कोशात त्याचा अर्थ 'क्षणभर'. प्रत्यक्षात आपल्याला सगळं संभाषण सावकाश हवं असतं, क्षणभर सावकाश बोलून भागणार नसतं, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी 'एवन' म्हणायचं. आपण नाही का, अर्धा तास खाणाऱ्या कामासाठी 'दोन मिनिटं बोलायचं होतं' म्हणत? मागणीचं ओझं हलकं करून समोरच्याच्या हातात द्यायची ही रीत आहे. नेहमीच्या बोलण्यात त्या 'एवन'चं 'एफ' होतं, म्हणजे शब्दही आपल्या अर्थाला जागून आखूड होतो.

'एवन' एकटा नाही. 'एन्स', 'मार', 'तॉख', 'होर' असं त्याचं गोत्र आहे. व्याकरणाच्या भाषेत हे निपात. ह्यांच्याशिवाय वाक्य पुरं होतं, पण कोरडं राहतं. इंग्रजीच्या वाटेनं डच शिकणारे इथे हैराण होतात, कारण ह्या शब्दांना इंग्रजीत जोड सापडत नाही आणि 'मार' म्हणजे 'पण' एवढंच कोशातून हाती लागतं. मराठीच्या वाटेनं आलात तर काम फत्ते. 'कॉम मार बिनन' म्हणजे 'या की आत'; तिथे 'मार' आपल्या 'की'चं काम करतो. 'ये कोम्त तॉख?' म्हणजे 'येतोस ना?' आणि वाक्याच्या टोकाला लागणारा 'होर' म्हणजे आपला 'हं', दिलासा देणारा, पाठीवर हात ठेवणारा. ह्या बाबतीत पुण्या-नाशकाहून गेलेला माणूस लंडनहून आलेल्यापेक्षा डचच्या अधिक जवळ उभा असतो, आणि ही जवळीक त्याला पुष्कळदा कोणी सांगितलेली नसते. एवन, वत, मार, होर ऐकताना जरा, थोडं, की, हं ऐकत राहावं. एका अनोळखी भाषेचा गोडवा किती लवकर आपलासा होतो ते बघावं.

ह्या विनंतीचा मी ऐकलेला सर्वांत देखणा वापर शनिवारच्या बाजारात, चीजच्या गाड्यावर होता. अशा गाड्यावर प्रश्न पटापट येतात. कोवळं की मुरलेलं? अखंड तुकडा की काप करून? किती देऊ? विकणाऱ्या बाईंनी मोठ्या चकतीवर सुरी टेकवली, कापलं, तुकडा काट्यावर ठेवला आणि डच दुकानदारांचा तो ठरलेला प्रश्न केला: 'माख हेत ईत्स मेर झैन?' थोडं जास्त झालं तर चालेल का? (कसायाकडे हाच प्रश्न 'एक ओन्स जास्त' असा येतो; नेदरलँड्समध्ये ओन्स म्हणजे सरळ 100 ग्रॅम.) समोरचा मुलगा डच शिकणारा होता. आधीचे दोन प्रश्न त्याच्या डोक्यावरून गेले होते, पण हा त्याला ओळखता आला. तो म्हणाला, 'या होर. मार माख हेत ईत्स लांगझामर?' चालेल हं, पण जरा सावकाश चालेल का?

हे वाक्य जवळून बघा. बाईंनी वापरलेला साचा त्यानं तसाच उचलला, 'माख हेत ईत्स', आणि 'जास्त'च्या जागी 'सावकाश' बसवला. काट्यावरच्या तुकड्याला लावायचं माप त्यानं बोलण्याला लावलं. ह्या रचनेत 'तुम्ही' नाहीच. कोण सावकाश बोलणार, कोण भरभर बोलत होतं, कोणाला कळलं नाही, काही नाही. फक्त 'चालेल का', जणू वेग ही दोघांच्या मधे ठेवलेली वस्तू आहे आणि दोघं मिळून तिचं वजन ठरवताहेत. बाईंनी मान वर केली, हसल्या, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं, प्रत्येक प्रश्नानंतर थांबून. मागच्या रांगेतही कोणी चुळबुळलं नाही. 'माख हेत'मध्ये दोष कोणाच्याच पदरात पडत नाही, हे त्याचं खरं सौंदर्य.

अदबीची शिडी ह्याच्याही वर जाते. 'झाउ ऊ मिस्खीन ईत्स लांगझामर कुनन प्रातन?' इथे 'झाउ' हे भूतकाळी रूप. काळानं मागे सरून अंतर राखणारं. मग 'मिस्खीन', कदाचित. मग 'ईत्स'. मग शेवटी दोन क्रियापदं पाठोपाठ. चार पडद्यांआडून केलेली ही विनंती म्हणजे डच शिष्टाचाराचा रेशमी नमुना आहे, आणि तरी मी ती नवशिक्याला सुचवणार नाही. कारण जो एवढं लांब, वळणदार वाक्य न अडखळता म्हणू शकतो त्याला डच येत नाही यावर कोण विश्वास ठेवील? उत्तर दुप्पट वेगानं येतं. विनंतीचा डौल आणि विनंती करणाऱ्याची पातळी यांचा मेळ बसावा लागतो. थोडं अडखळत म्हटलेलं 'कुंत ऊ वत लांगझामर' आपला पुरावा स्वतःच बरोबर घेऊन येतं.

आणि शिडीच्या खालच्या बाजूला एक खड्डा आहे, एका नकाराचा. 'कुंत ऊ नीत वत लांगझामर प्रातन?' एक 'नीत', म्हणजे 'नाही', मधे पडला आणि विनंतीचं गाऱ्हाणं झालं: 'जरा हळू बोलता येत नाही का?' बाकी सगळे शब्द तेच. ह्या एका अक्षरानं काय होतं ते मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या घरात तो 'नाही का' रोज कानावर असतो. आज्ञार्थी 'प्रात एन्स वत लांगझामर' हे शाळेतल्या शिक्षिकेनं विद्यार्थ्याला म्हणायचं. 'एन्स' आणि 'वत' दोघेही असूनसुद्धा आज्ञा ती आज्ञाच.

शेवटचा शब्द, 'आल्स्त्यूब्लीफ्त', 'तुम्हाला आवडत असेल तर' ह्या अर्थाच्या जुन्या शब्दांची एकजीव झालेली जुडी आहे. तो दुकानात सुटे पैसे हातात ठेवतानाही म्हणतात, दार धरून ठेवतानाही म्हणतात. इतक्या वापरानं तो गुळगुळीत झाला आहे, त्यामुळे नम्रतेचा भार त्याच्यावर टाकू नये. उलट तो वाक्याच्या मधे घेऊन त्यावर जोर दिला तर तो चिडका होतो: 'आता तरी, कृपा करून'. शेवटी, स्वल्पविरामानंतर, उतरत्या स्वरात, जवळजवळ पुटपुटत म्हटला की शोभतो. वाक्याचा आघात 'लांग'वर पडू द्यावा आणि बाकी सगळं त्याच्या सावलीत.

'ऊ' आणि 'ये', तुम्ही आणि तू. मैत्रीत हेच वाक्य 'कुन ये वत लांगझामर प्रातन?' असं होतं. क्रियापदानंतर 'ये' आलं की 'कुंत'मधला त गळून 'कुन' राहतं. म्हणजे आदर त्या एका 'त'मध्ये आणि त्यामागच्या अवघड स्वरात साठलेला. पुष्कळदा तुम्ही 'कुंत ऊ' म्हणता आणि समोरची व्यक्ती आधी तेच दुरुस्त करते: 'झेख मार ये, होर.' मला 'तू'च म्हण की, हं. ह्या छोट्या परवानगीत वरच्या गोत्रातले दोन सभासद, 'मार' आणि 'होर', एकाच वाक्यात बसलेले दिसतात. तुम्ही गती कमी करायला सांगितली होती, मिळालं ते अंतर कमी झालेलं.

आता ह्या विनंतीची सर्वांत नाजूक बाजू. नेदरलँड्समध्ये सावकाश बोलायला सांगितलं की पुष्कळदा समोरचा सावकाश होत नाही, इंग्रजी होतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांच्या एका नावाजलेल्या जागतिक क्रमवारीत हा देश 2019 पासून वर्षानुवर्षं पहिला आहे. तिथल्या माणसाला इंग्रजीत जाणं सोपं असतं, आणि तो ते भलेपणानं करतो. ॲमस्टलफेन किंवा आयंडहोव्हनला आयटीच्या, चिपयंत्रांच्या नोकऱ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांना हे चांगलं माहीत आहे. उच्चकुशल कामगार म्हणून गेलेल्यांना डच परीक्षेची सक्तीही नसते. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्यानं बी-1 पातळीची अट घातली ती इतर अनेक स्थलांतरितांना. त्यामुळे इंग्रजीवर वर्षानुवर्षं निभावून नेता येतं. अशा ठिकाणी 'जरा सावकाश' म्हणणं म्हणजे 'मला इथे तुमच्या भाषेत राहायचं आहे' असं सांगणं असतं, आणि ते वाक्यात कुठेतरी दिसायला हवं.

ते कुठे दिसतं? कारण सांगण्यात, आणि कारणाच्या जागेत. 'मैन नेदरलांत्स इस नॉख नीत झो खूत', माझं डच अजून तितकं चांगलं नाही, असं आधी सांगितलं की ऐकणारा मदत म्हणून लगेच इंग्रजी पुढे करतो. तुम्हीच त्याला दार उघडून दिलं. म्हणून विनंती आधी, कारण नंतर: 'कुंत ऊ वत लांगझामर प्रातन? इक लेर नॉख नेदरलांत्स.' मी अजून डच शिकतोय. ह्यातला 'नॉख', आपला 'अजून', फार मोलाचा. तो काढला तर ती नुसती माहिती. तो असला की एक चालू असलेलं काम दिसतं, आणि चालू कामाला हातभार लावावासा वाटतो. 'माझं डच वाईट आहे' म्हणणारा सुटका मागतो, 'अजून शिकतोय' म्हणणारा वेळ मागतो. आणि तरीही इंग्रजी आलंच, तर एक 'ख्राख' ठेवावा: 'इक विल ख्राख नेदरलांत्स ब्लैवन प्रातन', मला आनंदानं डचच बोलत राहायचं आहे. पुढे-मागे दोन घशातले ख असलेला हा 'ख्राख' परक्या तोंडून आला की डच चेहरा खुलतो. इतका खरखरीत ध्वनी इतकं गोड काम करतो, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

टेलिफोनवर मात्र चेहरा नसतो, आणि तिथे विनंतीला वेगळं रूप घ्यावं लागतं. फॅमिली डॉक्टरकडे फोन केला की पलीकडून जन्मतारीख विचारतात, वेळ सांगतात, एखादा नंबर देतात, आणि अडचण नेमकी आकड्यांत येते. डच आकडे एकक आधी म्हणतात: 24 म्हणजे 'फीरन्त्विंतख', चार-आणि-वीस. इंग्रजीवर वाढलेले इथे हमखास उलटं लिहितात. मराठी माणसाच्या चोवीस, चौतीस, पंचेचाळीस ह्यांत एकक आधीच असतं, तेव्हा तोही गोंधळला तर समजायचं की तो डच आकडे इंग्रजीतून ऐकतोय. अशा वेळी 'सावकाश' मागण्यापेक्षा नेमकं मागावं: 'सैफर फोर सैफर', एकेक आकडा सुटा. जिथे कळत नाही त्याच जागेवर बोट ठेवणारी विनंती. बाकीचं संभाषण आपल्या वेगानं चालू राहतं, हा तिचा समंजसपणा.

सीमा ओलांडून फ्लांडर्समध्ये गेलात तर शब्द बदलतात. तिथे 'सॉरी'च्या जागी 'एक्सक्युझेर' कानावर येतं, आणि 'लांगझामर'पेक्षा 'त्राखर' जास्त. 'त्राख' म्हणजेही संथ, पण नेदरलँड्समध्ये त्याला आळसाची, रेंगाळण्याची छटा आहे. कारभार 'त्राख', इंटरनेट 'त्राख'. फ्लांडर्समध्ये तो साधा, निर्मळ शब्द. तिथे 'त्राखर स्प्रेकन' म्हटलं की तुम्ही त्या मातीत थोडे रुजलेले वाटता.

आणि ह्या विनंतीत कमीपणाचं काही आहे का? नाइमेखनच्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ह्याचं फार छान उत्तर मिळवलं आहे. जगभरातल्या 12 भाषांतल्या घरगुती गप्पा त्यांनी तपासल्या. मातृभाषक मातृभाषकाशी बोलत असतानाही सरासरी दर 1.4 मिनिटाला कोणी ना कोणी 'काय?', 'कोण?', 'पुन्हा सांग' असं म्हणत होतं. त्याच गटाचं आणखी एक काम 2015 मध्ये इग नोबेल मिळवून गेलं: डच 'है?', आपलं 'अं?' ह्यासारखा, न कळल्याचा एकाक्षरी उद्गार जगातल्या अनेक असंबंधित भाषांत जवळजवळ एकसारखा आढळतो. पण 'है?' मागच्या वाक्याची डागडुजी करतो. 'वत लांगझामर' पुढच्या वाक्यांची तजवीज करतं. डच माणूस डच माणसाला 'है?' विचारतच असतो. परका त्याच कामात थोडी दूरदृष्टी घालतो, एवढाच फरक.

ह्या विनंतीनं नेमकं मिळतं काय, ते शेवटी बघायला हवं. मिर्याम अर्नेस्टस ह्या डच भाषाशास्त्रज्ञांनी बोली डचमध्ये शब्द किती आखडतात ह्याचा वेध घेतला आहे. 'नात्यूर्लक', म्हणजे अर्थातच, हा तीन अक्षरांचा शब्द भर गप्पांत 'त्यूक' एवढा उरतो. 'एइखनलक', म्हणजे खरं तर, 'एइक' होतो. अशी रूपं सुटी काढून ऐकवली तर डच लोकांनाही ओळखता येत नाहीत. वाक्यात ती सहज कळतात. शिकणाऱ्यापाशी वाक्याचा तो आधार नसतो, त्याच्या हाती नुसतं 'त्यूक' लागतं, आणि ते कोशात कुठेच नाही. म्हणून 'वत लांगझामर'चं उत्तर ऐकताना कान टवकारून ठेवावेत. पहिलं येतं ते बहुधा वेगातच, 'या होर, त्यूर्लक!' आणि मग, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापासून, दुमडलेले शब्द उलगडायला लागतात. 'एइक'मधून 'एइखनलक' बाहेर येतो, गळालेले स्वर आपापल्या जागी परततात. सावकाशीत शब्दांमधली अंतरं वाढतात तशी त्यांची अंगंही पुरी दिसू लागतात. लहान मुलांसाठी 1981 पासून चालू असलेलं 'येख्तजुर्नाल' हे बातमीपत्र शिकणाऱ्यांना बघायला सांगतात, ते ह्याच कारणानं: तिथे शब्द पुरे असतात.

ही उलगड फार टिकत नाही. चांगला माणूसही पाच-सहा वाक्यांत आपल्या मूळ वेगावर येतो; बोलण्यात रंगला की येणारच. दुसऱ्यांदा मागताना मात्र पहिलं वाक्य पुन्हा म्हणू नये, ते आता जड होईल. ग्रंथालयांतल्या 'तालकाफे'त, जिथे स्वयंसेवक चहा घेत शिकाऊ लोकांशी गप्पा मारतात, तिथे हे दुसरं मागणं कसं करतात ते ऐकावं. क्रियापद नाही, 'तुम्ही' नाही, 'आल्स्त्यूब्लीफ्त' नाही. हात किंचित खाली आणून फक्त 'ईत्स्य लांगझामर?' 'ईत्स'ला लाडाचा प्रत्यय लागून 'ईत्स्य' झालं: थोडंसंही नाही, थोडुसं. पहिल्या विनंतीत जे काम सहा शब्दांनी केलं, ते आता एका 'य'वर निभतं, कारण एव्हाना दोघांची ओळख झालेली असते.